धोबीघरात वाजलेला फोन

बाळकुम, ठाणे
२६ ऑगस्ट १९९१

ती. सौ. शालूताईस,
दौलतचा शिरसाष्टांग नमस्कार.

राखी पोस्टाने मिळाली. काल नारळी पौर्णिमेला आंबिवलीला यायचं अगदी पक्कं केलेलं, शर्टाला इस्त्रीसुद्धा केलेली. पण ऐन वेळी कंपनीत टेस्टिंग निघालं आणि दिवसभर अडकलो. राखी बाबांकडून बांधून घेतली. ते म्हणाले, चुलत बहीण असली म्हणून काय झालं, शालूने तुला कडेवर घेऊन शाळेत पोचवलंय, पुढच्या वेळी कंपनी गेली खड्ड्यात.

तुझ्या नोकरीचं जे झालं त्याबद्दल काय लिहू? मीच तुला आमच्या ‘स्वरदूत’मध्ये चिकटवलेलं. पाच वर्षं तू तिथे टेलिफोन एक्स्चेंजच्या कार्डांना सोल्डर मारलंस आणि जुलैत एका दिवसात तुला घरी बसवलं. कल्याणच्या त्या हॉस्पिटलातून कार्ड परत आलं, त्यावर तुझी खूण निघाली, मग माझ्या हातात काय होतं, सांग. मी इंजिनियर असलो तरी तिथे नोकरच. तू मनाला लावून घेऊ नकोस. पाच वर्षांत एखादा टाका कच्चा राहतोच, कुणाचाही राहतो.

सहदेव भावोजींना नमस्कार. तुझी तब्येत सांभाळ.

तुझा,
दौलत


आंबिवली
३ सप्टेंबर १९९१

चि. दौलत यास,
शालूताईचे अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, नारळी पौर्णिमा यंदा रविवारी होती. रविवारी कंपनीच्या गेटला हे एवढं कुलूप असतं, ते पाच वर्षं मी बघितलंय. टेस्टिंग काय वॉचमनचं चाललेलं? लहानपणीही तुला धड खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत म्हणून बरं. आणि बाळकुमहून आंबिवलीला माणूस सकाळी निघून दुपारी जेवून परत जातो. तू पत्रं कसली लिहितोस?

मी मनाला लावून घेतलेलं नाही, असं लिहिणार होते. पण खोटं मलाही जमत नाही. नोकरी गेली ते सोड. ती गेली कशी, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चहाच्या सुट्टीत, चौदा बायकांसमोर, साहेबांनी ते कार्ड टेबलावर आपटलं. आम्ही प्रत्येकीने आपापल्या नेलपॉलिशचा ठिपका कार्डाच्या कोपऱ्यावर लावायचा, ही पद्धत आमच्या सोल्डरच्या लाइनवरच्या मनुबाईने पाडलेली. कुणी सांगितलेलं नव्हतं. आपलं काम आपल्याला ओळखता यावं, एवढीच हौस. माझा जांभळा. साहेब त्या जांभळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, “निष्काळजी हात.” आणि तुला विचारलं. तू चहाचा ग्लास हातात घेऊन उभा होतास. तू म्हणालास, “हो सर, ड्राय सोल्डरच दिसतंय.” म्हणजे टाका कच्चा, माझा.

बरं, ते जाऊ दे. घरी बसून डोकं रिकामं झालंय, म्हणून एक विचारते. जुन्या मॉडेलच्या कार्डावर एकच मोठी चिप असायची. या नव्यावर दोन. पाच वर्षं मी त्यांचे पाय चिकटवले, पण त्या आत काय करतात ते कधी विचारलं नाही. दोन कशाला लागतात रे?

सहदेव आणि मी मजेत आहोत. बाबांच्या गुडघ्याला तेल लावत जा, दाजीकाका स्वतः लावणार नाहीत.

शालूताई


बाळकुम
१५ सप्टेंबर १९९१

ती. सौ. शालूताईस,
सा. न.

रविवारचं खरं आहे. मी घरीच होतो. यायला जमलं नाही, एवढंच. त्यावर आता अधिक विचारू नकोस.

पण तू चिपांचं विचारलंस आणि मला बरं वाटलं. आमच्या ऑफिसात कुणी विचारत नाही, सगळ्यांना वाटतं आपल्याला कळतं.

त्या दोन चिपा म्हणजे दोन प्रोसेसर. एक्स्चेंजचे दोन मेंदू समज. हॉस्पिटलात शंभरेक फोन. कुणी रिसीव्हर उचलला, कुणी कुठला नंबर फिरवला, हे बघत बसायचं आणि त्याच वेळी लाइनला लाइन जोडायची, हे एका मेंदूच्या आवाक्याबाहेर जातं. मग आम्ही काम वाटून दिलं. पहिला फक्त ऐकतो. दुसरा फक्त जोडतो. दोघांच्या मधे एक मेमरी, म्हणजे एकच पाटी. पहिला ऐकलेला नंबर पाटीवर लिहितो, दुसरा तो वाचून फोन जोडतो, मग पहिला जुना नंबर पुसून त्याच जागी नवीन लिहितो. सेकंदात कितीतरी वेळा. दोघे एकमेकांसाठी थांबत नाहीत, म्हणून तर वेग. सगळ्या ठाण्यात एवढ्या छोट्या एक्स्चेंजमध्ये दोन प्रोसेसर आम्हीच पहिल्यांदा घातले, आणि पाटीचा सगळा प्रोग्रॅम मी लिहिलाय. साहेब पाहुणे आले की मला बोलावून दाखवतात.

तुला कळेल असं लिहिलंय ना? काही अडलं तर विचार.

तुझा,
दौलत


आंबिवली
२८ सप्टेंबर १९९१

चि. दौलत यास,
अनेक आशीर्वाद.

वा रे माझ्या मास्तरा! छान समजावलंस. सहदेवांनाही वाचून दाखवलं, ते म्हणाले, हा आमच्या शाळेत मास्तर असता तर आमची पोरं पास झाली असती.

वाचताना मला आपली खाडी आठवली. माझे बाबा आणि दाजीकाका एका होडीत, जाळं एक, टोकं दोन. एकाने आपलं टोक सोडायचं असलं की आधी हाक द्यायची, दुसऱ्याने “हां” म्हटल्याशिवाय हात सैल करायचा नाही. दाजीकाका एकदा न बोलता सुटले तर माझे बाबा पाण्यात. वर येऊन ओरडले, “हाक दे रं आदी, मंग सोर!” आपण काठावर हसून हसून लोळलेलो. आठवतं का?

तेव्हा माझा प्रश्न असा. पाटी एक, माणसं दोन, आणि कुणी कुणासाठी थांबत नाही म्हणतोस. मग पहिल्याचा नंबर अर्धा लिहून झालाय आणि तेवढ्यात दुसऱ्याने वाचला तर? तिथे हाक कोण देतं?

त्या दिवशी टेबलावर कार्डाजवळ हॉस्पिटलच्या तक्रारीचा कागद पडलेला. त्यात लिहिलेलं की नर्सने ३१ फिरवला, म्हणजे ऑपरेशन थिएटर, आणि फोन वाजला ३८ ला, धोबीघरात. तिथला माणूस सांगतोय, इथे चादरी आहेत बाई, डॉक्टर नाहीत. हसू आलेलं मला वाचताना. पुढचं वाचलं आणि हसू गेलं.

शालूताई


ठाणे
७ ऑक्टोबर १९९१

ती. सौ. शालूताईस,
सा. न.

जेवणाच्या सुट्टीत घाईत लिहितोय. तू विचारलेलं फार खोलातलं आहे, ते पत्रात सांगण्यासारखं नाही आणि तुला कळायचंही नाही. त्याची व्यवस्था प्रोग्रॅममध्ये असते. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. झालं गेलं.

भाऊबीजेला नक्की येतो.

दौलत


आंबिवली
११ नोव्हेंबर १९९१

चि. दौलत यास,
आशीर्वाद.

पाट मांडलेला. रांगोळी घातलेली. बोंबलाची चटणी तुला आवडते म्हणून भाऊबीजेच्या गोडाधोडातही वेगळी वाटी केलेली. दीड वाजला, तीन वाजले. सासूबाई म्हणाल्या, इंजिनियर भाऊ आता कशाला येतोय? मी म्हटलं, त्याला ताप आलाय, निरोप आलाय. तुझ्यासाठी घरात खोटं बोलले आणि माझेच कान लाल झाले. पाट सहदेवांनीच उचलून ठेवला.

तू मागे लिहिलेलंस की झालं गेलं. तुझ्यासाठी गेलं असेल. इथलं ऐक. स्टेशनजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना सोल्डरचा हात असलेलं माणूस हवं होतं. मी गेले, एक जुना ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे जोडून दाखवला. मालक खूश. मग विचारलं, आधी कुठे होता? मी कंपनीचं नाव सांगितलं. तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, “हॉस्पिटलचा फोन बिघडवला त्या बाई तुम्हीच का?” कल्याणहून इथपर्यंत गोष्ट पोचलेली. मी तशीच घरी आले. त्या दिवसापासून सोल्डरचं आयर्न हातात धरलं नाही.

मला नोकरी नको दौलत. मला माझा हात परत हवाय. चांगला हात होता तो.

तुला ताप नव्हता ना? आला असेल तर औषध घे.

शालूताई


बाळकुम
२४ नोव्हेंबर १९९१

शालूताई,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता पाचव्यांदा लिहितोय, आणि यात मायने-बियने लिहायची माझी लायकी नाही.

तुझा टाका कच्चा नव्हता. एकही नव्हता. कार्ड परत आलं त्या सकाळी साहेबांच्या आधी मी भिंगाखाली बघितलेलं. सोल्डर आरशासारखं लखलखीत.

चूक माझी आहे. तू विचारलेलंस, हाक कोण देतं. मी लिहिलेली हाक. पहिला प्रोसेसर लिहायला लागला की पाटीवर झेंडा लावायचा, झेंडा असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, असं सगळीकडे होतं. मे महिन्यात साहेबांना डेमोसाठी वेग कमी पडत होता. त्यांनी झेंडा काढ म्हटलं नाही, ते काढायचं डोकं माझंच. नंबर लिहायच्या एका जागेवरून मी झेंडा काढला. म्हटलं, दोन आकडे लिहायला वेळ तो किती, तेवढ्यात कोण वाचतंय? टेस्टिंगमध्ये तीनदा फोन भलतीकडे लागला. तीनही वेळा मी इकडेतिकडे बघितलं, रिसेट दाबलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, “निर्दोष”. खाली माझी सही आहे.

आधी कुणी २८ फिरवलेला. मग नर्सने ३१ फिरवला. पहिल्याने तीन लिहिला, एक लिहायच्या आत दुसऱ्याने वाचलं. तीन नवीन, आठ जुना. अडतीस. धोबीघर. तिथे एक बाळंतीण होती, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर वीस मिनिटं उशिरा पोचले. बाई वाचली. हे मी स्वतःला रोज सांगतो, बाई वाचली, जसं काही मीच वाचवली.

साहेबांनी विचारलं तेव्हा टेबलावर तुझा जांभळा ठिपका होता. प्रोग्रॅमवर कुणाचा ठिपका नसतो, ताई. मला तेवढंच दिसलं. एक शब्द बोललो आणि सुटलो. ऑगस्टमध्ये झेंडा गुपचूप परत लावून हॉस्पिटलात प्रोग्रॅमची नवीन चिप बसवून आलो. कागदावर लिहिलं, “सुधारणा”. त्या सुधारणेसाठी मला बढती मिळाली. बाबांनी आळीत पेढे वाटले. तुझ्याही घरी पाठवलेले, तू खाल्लेस का ते मला विचारवलं नाही.

म्हणून येत नव्हतो. तुझ्यासमोर पाटावर बसायचं, तू ओवाळणार, मला लाज वाटून मेल्यासारखं होतं. तुझ्या प्रत्येक पत्राच्या वेळी वाटायचं, हिला काहीच माहीत नाही आणि ही मला तेल-औषधाचं विचारते.

मी साहेबांना एकट्यात गाठून सांगतो. काहीतरी कारण काढून, शब्द टाकून तुला परत घ्यायला लावतो. कुणाला कळायची गरज नाही. तू फक्त हो म्हण.

दौलत


आंबिवली
२ डिसेंबर १९९१

दौलत,

मला माहीत होतं.

त्या दिवशी टेबलाशी उभी होते तेव्हाच कळलेलं. तक्रारीच्या कागदाला एक्स्चेंजने छापलेली कॉलची पट्टी टाचलेली. गडबडीत मी ती काढून पदराला बांधून आणली. ती सोबत पाठवतेय, बघ. ३१ चा ३८ झाला, त्याच्याआधी २८. दोन दिवसांनी ४५ चा ४२ झाला, त्याच्याआधी १२. मग १७ चा १३, त्याच्याआधी ६३. पहिला आकडा नेहमी बरोबर, दुसरा नेहमी आधीच्या फोनचा. कच्चा टाका जागा बदलत नाही, दौलत. जिथे कच्चा, तिथेच रोज त्रास देतो. हे आमच्या लाइनवरच्या कालच्या मुलीलाही ठाऊक असतं. एवढं व्यवस्थित चुकायला डोकं लागतं, ते सोल्डरचं काम नव्हे.

फक्त आत नेमकं काय होतं ते कळत नव्हतं, म्हणून तुला चिपांचं विचारलं. तू हौसेने सगळं सांगितलंस. मला वाटलं, सांगता सांगता आता हा पुढचंही सांगेल. मग वाटलं, हाकेचं विचारल्यावर सांगेल. तू लिहिलंस, तुला कळायचं नाही. नोकरी गेली तेव्हा मी रडले नव्हते. ते वाचून रडले.

तू विचारशील, तेव्हाच का नाही बोललीस. बोलणार होते. तोंड उघडलं आणि तुझ्याकडे बघितलं. हातात ग्लास आणि कान लालभडक. बाळकुमच्या कोळीवाड्यातला पहिला इंजिनियर, वार्षिक पूजेला तुझं नाव फळ्यावर लिहिलेलं. म्हटलं, आज नको, हा स्वतःच बोलेल, उद्या बोलेल. ही माझी चूक. पाच महिने मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले.

पेढे खाल्ले. चांगले होते. दाजीकाकांचा काय दोष?

आता ऐक. एकट्यात नको. कारण काढून नको. मेहेरबानीने परत घेतलेली बाई व्हायला मी तयार नाही. जिथे बोललास तिथे बोल. चहाच्या सुट्टीत, त्याच टेबलाशी, चौदाजणींसमोर. माझ्या जागी कुणी आली असेल तर तिच्यासकट.

ते होईपर्यंत पत्र पाठवू नकोस. मी उत्तर देणार नाही.

शालूताई


बाळकुम
१० जानेवारी १९९२

ती. सौ. शालूताईस,
सा. न.

काल बोललो.

सव्वा महिना का लागला ते सांगतो, लपवत नाही. तीनदा लाइनवर गेलो आणि तीनदा चहा पिऊन परत आलो. एकदा तर तोंड उघडून, स्क्रू संपलेत का, असं विचारून आलो. घरी बाबांना आधी सांगितलं. ते जाळं विणत होते. मान वर न करता, तुझ्या बाबांचं नाव घेऊन म्हणाले, “नामाच्या पोरीला पाण्यात सोरलंस तू.”

काल सकाळी साहेबांना म्हटलं, सर, चहाच्या वेळी लाइनवर या, काम आहे. ते आले. मी टेबलाशी उभा राहिलो. या वेळी ग्लास घेतला नाही. रजिस्टर उघडून “निर्दोष” लिहिलेली तिन्ही पानं दाखवली, खालची सही दाखवली. म्हटलं, शालूताईचं सोल्डर चांगलं होतं, चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती, मला तेव्हाच माहीत होतं आणि मी खोटं बोललो. एवढं बोलायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. त्यासाठी मी सहा महिने तुझ्या घराच्या वाटेला गेलो नाही.

मला वाटलेलं, बायका ओरडतील, निदान दचकतील. कुणी दचकलं नाही. मनुबाईने बशीतला चहा संपवला, पदराला हात पुसला आणि म्हणाली, “माहीत आहे आम्हांला. ते कार्ड मी त्याच दुपारी तपासलेलं. तू कधी बोलतोस तेवढं बघत होतो.”

ताई, सगळ्यांना माहीत होतं. सहा महिने मी रोज त्या लाइनवरून जात होतो, त्या “नमस्कार साहेब” म्हणत होत्या, आणि सगळ्यांना माहीत होतं. मला तिथल्या तिथे जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. मी मनुबाईला विचारलं, तुम्ही का नाही बोललात? ती म्हणाली, “आमचं कोण ऐकलं असतं? आणि शालूने शपथ घातलेली, त्याचं त्याला बोलू दे.”

साहेब माझ्यावर भडकले. माझी बढती गेली आणि मला डिझाइनमधून काढून टेस्टिंगच्या बेंचवर बसवलंय. त्यात अन्याय काही नाही. तुझ्या नावाचं पत्र मनुबाईने स्वतः उभं राहून टाइप करून घेतलं. “निष्काळजी” हा शब्द मागे घेतलाय आणि तुला पहिल्या तारखेपासून बोलावलंय. हॉस्पिटललाही खरं कारण लिहून गेलंय, खाली माझी सही आहे. रेडिओच्या दुकानदाराकडे मी स्वतः जाऊन आलो. तिथून तुझं घर दिसतं. पण तू बोलावल्याशिवाय यायचा धीर झाला नाही.

तुझा,
दौलत


आंबिवली
१६ जानेवारी १९९२

चि. दौलत यास,
शालूताईचे अनेक आशीर्वाद.

तिळगूळ सहदेवांच्या हाती पाठवतेय, पत्रही त्यांच्याचकडे. दाजीकाकांना लाडू मऊ करून दे, त्यांचे दात राहिले नाहीत.

कंपनीचं पत्र आलं. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. रेडिओवाला घरी येऊन माफी मागून गेला आणि जाताना एक बिघडलेला टेपरेकॉर्डर ठेवून गेला. काल आयर्न गरम केलं. पहिला टाका पुसून पुन्हा घातला, दुसरा लखलखीत बसला.

मी तुला माफ केलं, असं लिहीत नाही. अजून झालेलं नाही. होईल तेव्हा तुला कळेल, मी बोलून दाखवणारी बाई आहे. पण घरी ये. रागावलेल्या बहिणीकडेही भाऊ येतोच, आणि येताना कारण शोधत नाही.

पहिल्या तारखेपासून मी कामावर येतेय. ठिपक्यासाठी काल स्टेशनवरून नेलपॉलिशची नवीन बाटली घेतली. हिरवा रंग.

तिळगुळाच्या पुडीत खाली हात घालून बघ. जुनी बाटली आहे, अर्धी भरलेली. तू म्हणालास ना, प्रोग्रॅमवर कुणाचा ठिपका नसतो. तुमच्या त्या प्रोग्रॅमच्या चिपेवर कागदाचं लेबल असतं, मी कितीतरी वेळा बघितलंय. यापुढे जी चिप तू तपासून देशील, तिच्या लेबलावर हा लाव.

जांभळा आता तुझा. लोकांनी त्याला ओळखलंय, तो मला नको.

शालूताई